बाईंचे मिस्टर

त्यांना सगळी गल्ली 'मिस्टर' म्हणायची. बाईंचे मिस्टर. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई. गल्लीतल्या निम्म्या घरांतली पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे पत्ता सांगायचा तो बाईंच्या घरावरून आणि त्यांच्या नवऱ्याला ओळखायचं तेही बाईंवरूनच. एखाद्या पुरुषाला हे लागलं असतं. ह्यांना लागत नसे. दुकानात नवखं गिऱ्हाईक येऊन "मिस्टर कोण?" असं विचारायचं, तेव्हा ते तोंडातला दाभण न काढता नुसता हात वर करायचे.

दुकान गाड्यांच्या सीटचं. स्कूटरपासून ट्रकपर्यंत काहीही यायचं. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, आतला दबून चपटा झालेला फोम काढायचा, नवा कापून बसवायचा आणि वरून ताणून शिवायचं. दुकान म्हणजे आमच्याच इमारतीच्या जिन्याखालची जागा, त्यांचं घर वरच्या मजल्यावर. एक जड मशीन, भिंतीला टेकून उभ्या केलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि माणूस बसेल एवढी फट. चिकटवायच्या सोल्युशनचा वास आमच्या तळमजल्यावरच्या घरात सकाळपासून यायचा. मी पोस्टात काउंटरवर बसते. माझ्या कपड्यांना तो वास असतो असं तिथल्या बायका म्हणत. मला तो कधी आलाच नाही, इतकी त्याची सवय.

बाईंचं आणि त्यांचं लग्न त्या काळात गाजलं होतं. बाई पदवीधर, हे सातवी नापास. बाई नव्याने नोकरीला लागल्या तेव्हा स्कूटरचं सीट शिवायला दुकानात आल्या. शिवून झालं. आठवड्याने परत आल्या, म्हणाल्या, टाका निघालाय. मिस्टरांनी पाहिलं तर टाका निघालेला नव्हता, ब्लेडने कापलेला होता. त्यांनी मुकाट्याने घालून दिला. काही दिवसांनी पुन्हा तेच. ही गोष्ट मिस्टर फार खुशीत असले म्हणजे सांगायचे. "मी म्हटलं, मॅडम, कापाकापी नका करू, रेक्झिन वाया जातं. नुसत्या येत जा." बाई त्यावर आतून ओरडायच्या की खोटं आहे, टाका कच्चाच होता. बाईंच्या माहेरचे बरीच वर्षं बोलत नव्हते. मग लेक झाली आणि तिचं तोंड बघायला एकेक जण जिना चढू लागला.

त्या दोघांत एकच विषय बंद होता, इंग्रजीचा. हे मला खूप उशिरा कळलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मिस्टर बाईंना म्हणाले होते, मलाही शिकव. बाई रोज जेवणं झाली की शिकवायच्या. मग शाळेतल्या मास्तरलोकांचं एक चहापान झालं. तिथे कुणीतरी ह्यांना विचारलं की आपण काय करता. ह्यांनी वाक्य पाठ करून नेलं होतं. पण 'सीट' म्हणायला गेले आणि तोंडातून 'शीट' निघालं. सगळे हसले. "हीसुद्धा हसली," एवढंच ते मला म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही, बाईंनीही का म्हणून विचारलं नाही. दुखऱ्या जागेवर कोण बोट ठेवतं? पुढचा सगळा संसार उत्तम झाला, पण घरातली इंग्रजी बाईंच्या बाजूलाच राहिली.

बाई शिकवायच्या मात्र झकास. पाचवीच्या वर्गात भिंतीवर माणसांचा तक्ता होता. कुंभार, सुतार, मेंढपाळ, शिंपी, पाहुणा, शेजारी, अनाथ पोर, विधवा, चोर, राजा. प्रत्येक चित्राखाली इंग्रजी शब्द. बाई छडी चित्रावर टेकवायच्या आणि आम्ही एका सुरात ओरडायचो. वर्षाचा पहिला धडा तोच. आधी माणसं शिका, म्हणायच्या, वस्तू नंतर शिकता येतील. टेबलखुर्चीशी कुणाला बोलायचंय? निवृत्त होईपर्यंत दर वर्षी त्यांनी तोच तक्ता, त्याच सुरात म्हणवून घेतला.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी हे झालं. मिस्टर सकाळी खाली येऊन दुकान उघडायचे आणि थोड्या वेळाने बाई वरून चहाला हाक मारायच्या. त्या दिवशी हाक आली नाही. दूध करपल्याचा वास आला. मिस्टर वर गेले तेव्हा बाई स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या, डाव्या हातात चमचा. वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तशा त्या ह्यांच्याकडे बघत होत्या. बोलायला गेल्या, तर ओठ एकाच बाजूने हलले.

दवाखान्यात सिस्टरने विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण. हे म्हणाले, मिस्टर. त्यावर तिने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. मी पोस्टातून परस्पर गेले तेव्हा ते त्याच बाकावर होते. मला म्हणाले, "सकाळपर्यंत बाई होती गं. आता सगळे पेशंट म्हणतायत."

जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायच्या आणि वाचा बंद. डॉक्टर म्हणाले, मेंदूत जिथे बोलणं असतं नेमका तिथेच घाव बसलाय. लेक धावत आली, महिनाभर राहिली. तिची नोकरी लांबच्या शहरात, नवरा आणि मुलं तिकडे. ती तरी किती दिवस राहणार? जाण्याआधी तिने आईच्या देखभालीला एक मावशी लावून दिली.

पहिला शब्द आला तो एका सुट्टीच्या दुपारी. मी वाटीत मऊ भात घेऊन वर गेले होते. बाई खिडकीजवळ खुर्चीत होत्या. माझ्याकडे न बघता, अगदी स्वच्छ, वर्गातल्या आवाजात त्या म्हणाल्या, "कार्पेंटर."

मिस्टरांच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं. ते माझ्याकडे वळले. मी म्हटलं, सुतार. ते घरभर फिरले. दारं बघितली, पलंगाचे पाय हलवून बघितले, आणि खिडकीची एक कडी सैल सापडली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच दिवशी खरोखर सुताराला बोलावलं. सुतार काम करत होता तोवर बाई झोपून गेल्या होत्या. मिस्टर त्याला म्हणाले, हळू ठोका, पण नीट करा, तिने स्वतः सांगितलंय.

मग दुसरे शब्द आले. सगळे तक्त्यातलेच. मराठीचा एकही नाही, नवऱ्याला मारायची ती 'अहो' अशी हाक नाही, लेकीचं नाव नाही. दवाखान्यात बोलायला शिकवणारी एक तरुण मुलगी होती. आठवड्यातून एकदा बाईंना तिच्याकडे न्यावं लागे, जमेल तेव्हा मीही बरोबर जायचे. तिने मिस्टरांना समोर बसवून नीट समजावलं. जे वर्षानुवर्षं एका चालीत म्हटलंय ते मेंदूत वेगळ्या जागी जाऊन बसतं, आणि बाकीचं वाहून गेलं तरी कधी कधी तेवढं उरतं. शब्द येतोय ही चांगली खूण आहे. "पण काका, त्यात अर्थ शोधू नका," ती म्हणाली. "त्यांना म्हणायचंय एक आणि तोंडातून येतंय दुसरंच. त्यांची त्यांनाही गाठ घालता येत नाही."

मिस्टरांनी मान डोलावली. रिक्षात बसल्यावर मला विचारलं, "शेफर्ड म्हणजे काय? सकाळी म्हणाली."

'उचलली जीभ लावली टाळ्याला' हे ज्या बाईंना कुणाचं खपत नसे, त्यांच्याच जिभेचं आता तसं झालं होतं. आणि मिस्टर त्यातला प्रत्येक शब्द पदरात झेलायचे. रोज संध्याकाळी मी घरी आले की ते जिन्यावर थांबलेले. अर्थ विचारायचे, आणि वर जाईपर्यंत त्याची काहीतरी गोष्ट जुळवायचे. मेंढपाळ म्हणाली, म्हणजे मी तिच्या मागे मागे फिरतो त्यावरून असेल. राजा म्हणाली, म्हणजे दाढी केलेली आवडली. मी सांगून बघितलं की त्या मुलीने काय बजावलंय. ते म्हणाले, "त्या मुलीचं बरोबर असेल. पण इतकी वर्षं ती मराठीत बोलायची तेव्हा तरी मला सगळं कुठे कळायचं? अंदाजानेच चाललं ना?"

लेक पुन्हा येऊन गेली. ती दारात उभी राहिली आणि आई म्हणाली, "गेस्ट." लेक शिकलेली, शब्द लगेच लागला. ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. मिस्टर तिच्या मागे गेले. मी ऐकलं, ते तिला सांगत होते की अगं, दिल्या घरची लेक पाहुणीच की, आई काय चुकीचं बोलली. तिचं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही. निदान नळ बंद झाला.

त्या सगळ्या महिन्यांत घर चाललं ते मावशींमुळे. मावशी हाडापेराने मोठ्या, आवाज रस्त्यापर्यंत जाणारा. बाईंना लहान मुलासारखं उचलून न्हाणीघरात न्यायच्या, डोकं पुसायच्या, केस विंचरून घट्ट वेणी घालायच्या. न्हाऊ घालताना काहीतरी बेसूर गायच्या. मिस्टरांच्या हातून बाई चार घास खायच्या आणि तोंड मिटायच्या. मावशींच्या हातून ताट संपायचं. मिस्टरांना ते थोडं झोंबायचं, पण पोटात अन्न जातंय म्हटल्यावर ते ताट मावशींकडेच द्यायचे.

आणि एके दिवशी बाई मावशींकडे बघून म्हणाल्या, "थीफ."

हा शब्द विचारायला मिस्टरांना माझ्याकडे यावं लागलं नाही. तो सगळ्यांना येतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्याही. मावशी खोलीत आल्या की थीफ, भरवायला बसल्या की थीफ. सुतार खरा निघाला होता, मेंढपाळ खरा निघाला होता, मिस्टरांच्या हिशेबी आजवर बाईंचं काही खोटं निघालेलं नव्हतं. त्यांनी दुपारी दार लावून कपाट काढलं. बाईंची कर्णफुलं जागेवर होती. घड्याळ होतं. चांदीचा पेला होता. लेकीने दिलेली शाल होती. सगळं दोनदा तपासलं. काहीही गेलेलं नव्हतं, आणि काही गेलेलं नाही हेच त्यांना जास्त खुपायला लागलं. संशयाचं असंच असतं, त्याला खायला काही मिळालं नाही तर तो आणखी भुकेजतो. बाईंनी काहीतरी पाहिलंय, आणि आपल्याला दिसत नाहीये, असं त्यांच्या मनाने घेतलं.

संध्याकाळी मावशी निघाल्या. चपला घालत होत्या. मिस्टर म्हणाले, "मावशी, जरा पिशवी बघू."

मावशींनी पिशवी दिली. आत जेवणाचा रिकामा डबा होता, ओला टॉवेल, कंगवा, चष्मा आणि अर्धा संपलेला बिस्किटांचा पुडा. मिस्टरांनी एकेक वस्तू बाहेर काढली आणि परत ठेवली. मावशी भिंतीकडे बघत उभ्या होत्या. "झालं?" एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत.

आम्हाला मिस्टरांनी सांगितलं की मावशींना दुसरं काम लागलं. त्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं खोळंबली, दोन ट्रकवाले भांडून गेले. उचलणं, धुणं, भरवणं सगळं ते एकटे करू लागले. रेक्झिन ताणून ताणून दगडासारखे झालेले ते हात, त्यांना वेणी कुठली जमणार? बाईंचे केस मोकळेच राहायचे. मी रविवारी जाऊन विंचरून द्यायचे.

असंच विंचरत होते तेव्हा बाई आरशात माझ्याकडे बघून म्हणाल्या, "थीफ." मी हसून म्हटलं, बाई, काय चोरलं मी तुमचं? मिस्टर दारात होते. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्या आठवड्यात बाईंनी दवाखान्यातल्या त्या मुलीला चोर म्हटलं, खिडकीतल्या कबुतराला म्हटलं. मग एका दुपारी मिस्टर त्यांचं तोंड पुसत होते, तेव्हा बाईंनी डावा हात उचलून त्यांच्या गालावर ठेवला आणि मायेने त्यांनाही तेच म्हटलं.

त्या संध्याकाळी ते आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले. आत या म्हटलं तर आले नाहीत. पिशवीचं सगळं तिथे बसून सांगितलं. एखादी गोष्ट सांगताना ते हातवारे करायचे. तेव्हा हात मांडीखाली दाबून बसले होते. म्हणाले, उद्या त्यांच्याकडे जातो, तू येशील का बरोबर, मला एकट्याला जिना चढवणार नाही.

मावशी बसडेपोच्या मागे, एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहायच्या. इस्त्रीची वाफ फळ्यांमधून वर येत होती. त्या नुकत्याच दुसऱ्या घरचं काम करून आल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी दोन खुर्च्या झाडल्या आणि पाणी दिलं. मिस्टर बसलेच नाहीत. पेला हातात तसाच धरून उभ्याने म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. ती सगळ्यांनाच तसं म्हणते. मलाही म्हणाली. मला कळायला पाहिजे होतं."

मावशी अगदी हळू आवाजात बोलल्या. तो आवाज त्यांना आहे हे मला माहीत नव्हतं.

"भाऊ, मला तो शब्दच कळत नव्हता. मला वाटलं, बाईंनी मला लाडाची हाक ठेवलीय. दिवसभर थीफ, थीफ करायच्या. मी 'ओ' द्यायचे. 'आले, आले बाई,' म्हणायचे. घरी येऊन कौतुकाने सांगितलं धाकट्या लेकीला, की बघ, तोंडातून शब्द फुटत नाही पण मला नावाने हाक मारतात. ती तेव्हा गप्प राहिली. तुम्ही पिशवी बघितलीत ते ऐकल्यावर मग तिने अर्थ सांगितला."

मिस्टर म्हणाले, परत या. तुमच्या हातून ती जेवायची. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी या.

"यायला काय, येता येईल," मावशी म्हणाल्या. "पण आता त्यांनी हाक मारली, तर माझ्याने 'ओ' देववणार नाही. आणि त्या तर हाक मारणारच."

मिस्टरांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मावशींनी बाईंची चौकशी केली, पाठीला जखम होऊ देऊ नका म्हणाल्या, कूस कशी बदलायची ते हातांनी करून दाखवलं. आम्ही निघालो. येताना बस समोर उभी होती, पण मिस्टर चालतच राहिले, आणि मीही त्यांच्या मागे चालले.

त्यानंतर मिस्टरांनी शब्दांचे अर्थ लावणं सोडलं. जिन्यावर थांबायचे, पण विचारायचे वेगळंच. तक्त्यात पहिलं चित्र कुठलं होतं? त्यानंतरचं? बाई प्रश्न कसा विचारायच्या? मी आठवेल तसं सांगितलं. त्यांनी ते तोंडपाठ केलं. दुकानात मशीनवर पाय चालत असायचा आणि ओठ पुटपुटत असायचे. शेजारचा चहावाला मला म्हणाला, मिस्टर जपजाप्य करायला लागले की काय.

आणि मग रोज दिवेलागणीला ते बाईंच्या समोर स्टुलावर बसू लागले. मडकी कोण करतो? बाई म्हणायच्या, "पॉटर." कपडे कोण शिवतो? "टेलर." मेंढ्या कोण चारतो? असं करत सगळा तक्ता व्हायचा. चोर तेवढा ते विचारत नसत. खाली आमच्या घरात त्यांचा आवाज यायचा, एक प्रश्न, मग थोडी शांतता, मग बाईंचा तो वर्गातला सूर. लग्न झाल्यापासून दोघं इतकं सलग कधी बोलली नसतील. बाईंच्या चेहऱ्यावर जरा तकाकी आली. त्या खुर्चीत ताठ बसू लागल्या. वेळ झाली की दाराकडे बघायच्या.

एका सकाळी मी कामावर निघाले होते, तर मिस्टरांनी दुकानातून हात करून थांबवलं. काल मेंढपाळाचा प्रश्न आला, बाईंना शब्द सुचेना, म्हणून यांनीच हळूच सांगितला, "शेफर्ड." बाईंनी मान हलवली. यांनी पुन्हा म्हटलं. बाईंनी पुन्हा मान हलवली आणि डावं बोट ओठांवर ठेवून सावकाश म्हटलं, "शेपर्ड." यांनी तसं म्हणून दाखवलं तेव्हा बाईंनी बरोबर म्हणून मान डोलावली.

"चूक काढली माझी," मिस्टर म्हणाले. "तो 'फ' म्हणायचाच नसतो म्हणे." मग दाभणात दोरा ओवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि हसली नाही." तेव्हाच त्यांनी मला त्या चहापानाची गोष्ट सांगितली. मला त्या दिवशी पोस्टात पोचायला उशीर झाला.

चांगले दिवस फार नव्हते. हिवाळ्यात शब्द गळायला लागले. आधी राजा गेला, मग शेजारी, मग अनाथ पोर. मिस्टर प्रश्न विचारायचे आणि बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. ते थोडे थांबायचे आणि उत्तरही आपणच द्यायचे. शेवटी शेवटी सगळा तक्ता ते एकटेच म्हणायचे, प्रश्न त्यांचा आणि उत्तरही त्यांचं, पण सूर बाईंचा. आम्ही खाली टीव्हीचा आवाज कमी करायचो.

दुसरा झटका आला तो मोठा होता. दवाखान्यात नेलं, पण या वेळी डॉक्टर फारसे बोललेच नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी मला पोस्टात फोन आला. मिस्टर माझ्याशी बाईंबद्दल नेहमी एकेरीतच बोलायचे, ही जेवली, ती झोपली. त्या दिवशी ते म्हणाले, "बाई गेल्या." सगळ्या गल्लीने म्हणावं तसं ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

माणसं लोटली. बाईंच्या हाताखालची किती पोरं कुठून कुठून आली. मिस्टर एका कोपऱ्यात बसून होते. बऱ्याच जणांना ते कोण हे ठाऊक नव्हतं, ते भलत्याच कुणाचं तरी सांत्वन करून गेले. मावशीही आल्या. बायकांमध्ये बसल्या, मिस्टरांशी बोलल्या नाहीत. निघताना गच्चीवर गेल्या, दोरीवर बाईंचे कपडे वाळत होते ते काढले, घड्या घालून पलंगावर ठेवले आणि जिना उतरल्या. मिस्टर त्या घड्यांकडे बघत होते. ते मावशींच्या मागे जातील असं मला क्षणभर वाटलं. गेले नाहीत.

पुढे बाईंच्या पेन्शनच्या कामासाठी त्यांना कचेरीत जावं लागलं. आले ते सरळ माझ्याकडे. तिथल्या मुलीने विचारलं होतं, तुम्ही विडोअर ना? ह्यांनी हो म्हणून टाकलं होतं. आता मला विचारत होते. मी अर्थ सांगितला.

"तक्त्यात हे चित्र नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं काका. विधवेचं होतं."

"हं. म्हणूनच आलं नाही मला."

वर्षभर त्यांनी दुकान चालवून बघितलं. काम हातात घ्यायचे आणि चहाची वेळ झाली की मशीन थांबवून वर बघत बसायचे. गिऱ्हाईक उभं राहून निघून जायचं. लेकीने फार दिवस ऐकून घेतलं आणि एक दिवस स्वतः येऊन त्यांना घेऊन गेली. मशीन एका ओळखीच्या कारागिराला दिलं. रेक्झिनचे उरलेले तुकडे त्यांनी गल्लीत ज्याला जे लागेल ते वाटले. माझ्या आईच्या बसायच्या पाटाला त्यांनी जाण्याआधी गादी करून दिली. ती म्हणाली, कशाला उगीच, तर म्हणाले, हात रिकामे नको वाटतात.

लेकीकडे ते बाराव्या मजल्यावर राहतात. दर रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो. मी विचारते, जेवलात का? जेवलो, म्हणतात. पाय दुखतात का? थोडे. नातवंडं चांगली आहेत, जावई मायाळू आहे, खिडकीतून खाली बघितलं की गाड्या दिसतात पण इतक्या लांब की सीट कसली आहे ते कळत नाही. मग मी गल्लीतलं सांगते, कोण आजारी आहे, कुणाचं घर रंगवलं, जिन्याखालच्या जागेत आता सायकली लावतात. ते हं हं करतात. सांगण्यासारखं संपतं. ते 'ठेवू का' म्हणत नाहीत. त्यांच्याकडे लिफ्ट आल्याचा आवाज येतो, कुठेतरी दार लागतं, त्यांचा श्वास ऐकू येत राहतो. मीही फोन कानाला तसाच धरून बसते.